एडवर्ड वॉर्नर : आकाशाचे नियम लिहिणारा इंजिनिअर

सुरुवात आपल्या मेसपासूनच करते. मागच्या सेमिस्टरला मेस कमिटीची मीटिंग झाली. विषय एकच, डाळ पातळ असते. तासभर आरडाओरडा झाला. शेवटी मेसवाल्या काकांनी शांतपणे विचारलं की पातळ म्हणजे नेमकी किती पातळ? सगळे गप्प! बारा जणांत एकाकडेही उत्तर नव्हतं. मीटिंग तिथेच संपली आणि डाळ होती तशीच राहिली.

त्याच आठवड्यात वक्तृत्व स्पर्धेसाठी मी लायब्ररीत जे. आर. डी. टाटांबद्दल वाचत होते. त्यांच्या मानसन्मानांच्या यादीत १९८६ सालचा एडवर्ड वॉर्नर पुरस्कार दिसला. हा वॉर्नर कोण? शोधायला गेले आणि त्यातच अडकले. स्पर्धेत माझा नंबर आला नाही ते सोडा, पण एक माणूस मात्र सापडला. आपल्यासारखाच इंजिनिअर. आपल्या मेस कमिटीला जे बारा जणांत जमलं नाही ते त्याने डझनावारी देशांना घेऊन करून दाखवलं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा मराठीत काही चुकलं तर सांभाळून घ्या.

एडवर्ड पिअर्सन वॉर्नर यांचा जन्म ९ नोव्हेंबर १८९४ रोजी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग येथे झाला. बालपण मात्र बोस्टनजवळच्या कॉन्कॉर्ड गावात गेले. राइट बंधूंनी १९०३ च्या डिसेंबरात पहिले उड्डाण केले तेव्हा वॉर्नर नऊ वर्षांचे होते. म्हणजे विमान आणि हा मुलगा, दोघे बरोबरीनेच वाढले असे म्हणायला हरकत नाही. शाळकरी वयातच त्यांनी मित्राबरोबर ग्लायडर बांधला. १९१६ मध्ये ते हार्वर्डमधून पदवीधर झाले, लगेच पुढच्या वर्षी एमआयटीची इंजिनिअरिंगची पदवी आणि १९१९ मध्ये तिथलीच मास्टर्स. त्या काळी एरोनॉटिक्स हा विषय इतका नवा होता की शिकणारा आणि शिकवणारा यांच्यात फारसे अंतर नसे. वॉर्नर लवकरच तिथे शिकवूही लागले.

१९१९ मध्ये ते व्हर्जिनियातल्या लँग्ली येथील सरकारी संशोधन केंद्रात गेले. नासाची पूर्वज असलेल्या नाका या संस्थेचे हे केंद्र. चीफ फिजिसिस्ट हे त्यांचे पद होते आणि वय होते फक्त पंचविशीच्या आसपास! तिथे त्यांनी फ्रेडरिक नॉर्टन या सहकाऱ्याबरोबर जेनी नावाच्या साध्या ट्रेनर विमानावर प्रयोग केले. विमान वेगवेगळ्या वेगांनी सरळ उडवायचे आणि प्रत्येक वेगाला दांड्यावर किती जोर लागतो, शेपटीचा एलिव्हेटर किती अंशात आहे, याची नोंद घ्यायची. आज आपल्याला हे लॅबमधल्या रीडिंगसारखे वाटेल. पण तोपर्यंत विमान चांगले की वाईट, हे पायलटच्या बोलण्यावरून ठरत असे. एक पायलट म्हणे विमान जड आहे, दुसरा म्हणे फार नाजूक आहे. जड म्हणजे किती? नाजूक म्हणजे किती? अगदी आपल्या डाळीसारखंच बघा.

१९२० मध्ये ते एमआयटीत परतले आणि पुढे प्राध्यापक झाले. त्या दिवसांत तिथे एरोनॉटिक्स शिकणाऱ्यांत जिमी डूलिटल आणि जेम्स मॅकडॉनेल यांच्यासारखी मंडळी होती. एक पुढे टोकियोवरच्या हवाई हल्ल्यामुळे गाजला, दुसऱ्याने विमानांची प्रचंड कंपनी उभी केली. १९२६ मध्ये सरकारने वॉर्नर यांना नौदलाच्या विमानविभागाचे सहायक सचिव केले. हे पद तेव्हा नवेच होते आणि त्यावर बसणारे ते पहिले. तीन वर्षांनी ते सोडून त्यांनी एव्हिएशन नावाच्या मासिकाचे संपादन हाती घेतले. प्रयोगशाळा, वर्ग, सरकार, मासिक. एकाच माणसाने चाळिशीच्या आत एवढ्या खुर्च्या बदललेल्या पाहून आपल्या प्लेसमेंट सेलने काय म्हटलं असतं कोण जाणे!

आता त्यांच्या आयुष्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. १९३५ च्या सुमारास डग्लस कंपनी एअरलाइन्ससाठी डीसी-४ई हे चार इंजिनांचे मोठे विमान आखत होती आणि वॉर्नर तिथे सल्लागार होते. विमानाचा वेग किती हवा, वजन किती, पल्ला किती, हे लिहून देण्याची पद्धत होतीच. पण ते चालवायला कसे वाटले पाहिजे, हे आधी लिहून देता येईल का? वॉर्नर पायलटांशी बोलले, डिझायनरांशी बोलले, संशोधकांशी बोलले. मग त्यांनी अटींची एक यादी तयार केली आणि जिथे जमेल तिथे आकडा घातला. दांड्यावरचा जोर इतकाच असावा. विमान हलकेच वरखाली झुलू लागले तर ते झुलणे अमुक प्रकारचेच असावे. विमान हाताळायला कसे वाटावे हे आकड्यांत मागण्याचा हा बहुधा पहिलाच प्रयत्न.

गंमत पुढेच आहे. नाकाच्या संशोधकांनी ती यादी घेऊन खऱ्या विमानांवर चाचण्या केल्या, तेव्हा वॉर्नर यांची एक अट चक्क निरुपयोगी ठरली! विमानाच्या त्या संथ झुलण्याचा पायलटच्या पसंतीशी काही संबंधच नाही असे आढळले. मग यादीत दुरुस्त्या होत गेल्या आणि १९४३ मध्ये रॉबर्ट गिलरुथ यांच्या अहवालात ती पक्क्या रूपात छापली गेली. हेच गिलरुथ पुढे अमेरिकेच्या मानवी अंतराळ मोहिमांचे प्रमुख झाले. मला विचाराल तर वॉर्नर यांची चूक हीच त्यांची खरी कामगिरी. आकडा लिहिला होता म्हणून तो तपासता आला, आणि तपासता आला म्हणून सुधारता आला. विमान नीट वाटायला हवे एवढेच लिहिले असते तर ते कधीच चुकले नसते, पण त्याचा कुणाला उपयोगही झाला नसता.

आता जरा कायद्याकडे वळू. झोप येऊ देऊ नका!

विमान उडायला लागले आणि प्रश्न उभा राहिला, आकाश कुणाचे? पहिल्या महायुद्धानंतर १३ ऑक्टोबर १९१९ रोजी पॅरिसमध्ये करार झाला आणि उत्तर ठरले, ज्याची जमीन त्याचे आकाश. पण अमेरिकेने त्या करारावर सही करूनही त्याला मंजुरी दिली नाही. पुढे १९२८ मध्ये अमेरिका खंडातल्या देशांनी हवाना येथे वेगळा करार केला. १९२९ च्या वॉर्सा करारात प्रवाशाला इजा झाली तर विमान कंपनीने भरपाई किती द्यायची ते ठरले. म्हणजे थोडक्यात गोधडी. एका देशाचे लायसन्स दुसऱ्या देशात चालेलच असे नाही, एकीकडचे सिग्नल दुसरीकडे कळतीलच असे नाही. दोनशे मैल जाणाऱ्या विमानाला हे परवडत होते. दुसऱ्या महायुद्धात मात्र विमाने रोज अटलांटिक ओलांडू लागली आणि ही गोधडी पुरेना.

म्हणून युद्ध चालू असतानाच, १ नोव्हेंबर १९४४ रोजी शिकागोच्या स्टीव्हन्स हॉटेलात ५२ देशांचे प्रतिनिधी जमले. वॉर्नर तोवर अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक मंडळाचे सदस्य झाले होते आणि अमेरिकेच्या शिष्टमंडळात होते. भारत अजून स्वतंत्र नव्हता, तरी त्याचे शिष्टमंडळ होते. त्यात टपाल आणि हवाई खात्याचे सचिव सर गुरुनाथ बेवूर होते. बेवूर पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी! आपले पुढचे लष्करप्रमुख जनरल बेवूर हे त्यांचेच चिरंजीव. शिकागो करारावर भारतातर्फे सही आहे ती सर गुरुनाथ यांचीच.

तिथे भांडण कशावरून झाले ते मुंबई-लंडन या मार्गावरून सांगते, म्हणजे पटकन कळेल. आपले विमान मधल्या देशावरून नुसते उडून गेले, हे पहिले स्वातंत्र्य. पेट्रोल भरायला उतरले, हे दुसरे. मुंबईचे प्रवासी लंडनला सोडले, हे तिसरे. लंडनचे मुंबईला आणले, हे चौथे. आणि वाटेत कैरोला थांबून तिथलेच प्रवासी लंडनसाठी घेतले, हे पाचवे. अमेरिकेकडे प्रवासी विमाने भरपूर, तिला सगळी स्वातंत्र्ये खुली हवी होती. ब्रिटन युद्धात पिचला होता, त्याला भीती की असे झाले तर आपल्या कंपन्यांना काही उरणारच नाही. म्हणून त्याला फेऱ्या आणि भाडी यांवर नियंत्रण हवे होते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड म्हणत होते, की लांबचे मार्ग एकाच आंतरराष्ट्रीय कंपनीकडे द्या. सोव्हिएत शिष्टमंडळ तर वाटेतूनच परत फिरले.

पाच आठवडे चर्चा झाली आणि पैशांच्या बाबतीत एकमत झाले नाही ते नाहीच. पहिल्या दोन स्वातंत्र्यांचा वेगळा करार झाला तेवढाच टिकला. पाचही स्वातंत्र्यांच्या कराराला थोडेच देश तयार झाले. पण त्याच हॉटेलात दुसऱ्या खोल्यांमध्ये तांत्रिक मंडळी बसली होती. रेडिओ कसा वापरायचा, नकाशे कसे काढायचे, पायलटचे लायसन्स कशावर द्यायचे, विमान उडायला लायक आहे हे कसे ठरवायचे, या सगळ्याचे मसुदे तिथे तयार होत होते. वर्तमानपत्रांना त्यात रस नव्हता. ७ डिसेंबर १९४४ ला शिकागो करार झाला तो ९६ कलमांचा.

या करारातून जी संघटना जन्माला आली तिला आपण आयकाओ म्हणतो. ऑगस्ट १९४५ मध्ये कॅनडातल्या माँट्रिऑल शहरात तिच्या तात्पुरत्या कौन्सिलची पहिली बैठक झाली आणि अध्यक्ष म्हणून निवडले गेले एडवर्ड वॉर्नर. २६ देशांनी मंजुरी दिली की करार लागू होणार होता. त्या पहिल्या २६ मध्ये भारत होता, आपली मंजुरी १ मार्च १९४७ ची, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधीची! ४ एप्रिल १९४७ रोजी आयकाओ कायम झाली आणि वॉर्नर तिच्या कौन्सिलचे पहिले अध्यक्ष झाले.

इथे करारातलं एक कलम सांगायलाच हवं. कलम ५१ म्हणते की अध्यक्षाला मत नाही. जो देशाचा प्रतिनिधी अध्यक्ष होईल त्याची जागा रिकामी धरली जाते आणि त्याच्या देशाने दुसरा माणूस पाठवायचा. म्हणजे ज्या अमेरिकेने वॉर्नर यांना घडवले, सचिव केले, शिकागोला नेले, त्या अमेरिकेच्या बाजूने हात वर करण्याचा हक्क त्यांना उरला नाही. हातात मत नाही, दंडा नाही, पोलीस तर नाहीतच. तरीही ते या खुर्चीत १९५७ पर्यंत बसले.

मग काम चालायचे कसे? नियमांची पद्धतच तशी आखली होती. कौन्सिलने दोनतृतीयांश मतांनी एखादे मानक मंजूर केले की ते कराराच्या परिशिष्टात जाते. एखाद्या देशाला ते पाळणे शक्य नसेल तर? कलम ३८ प्रमाणे त्याने आपला फरक काय तो आयकाओला ताबडतोब कळवायचा. शिक्षा नाही, पण लपवायचेही नाही. म्हणजे पायलटला निदान कळते की या देशात नियम वेगळा आहे. मला हे वाचून आपल्या जर्नलची आठवण झाली. रीडिंग चुकले तर मार्क थोडे कमी होतात, पण खोटे रीडिंग घातले तर सगळंच गेलं. १९४८ पासून एकेक परिशिष्ट लागू होत गेले. पहिले परिशिष्ट पायलट आणि इतर कर्मचाऱ्यांच्या लायसन्सचे, दुसरे हवेतल्या वाहतुकीच्या नियमांचे. आज अशी १९ परिशिष्टे आहेत.

नुसते कागदच रंगवले असेही नाही. १९४६ मध्ये आयकाओच्या त्या तात्पुरत्या संघटनेमार्फत उत्तर अटलांटिकमध्ये १३ ठिकाणी हवामानाची जहाजे ठेवण्याचे ठरले आणि खर्च देशांनी वाटून घ्यायचा असेही ठरले. समुद्राच्या मधोमध एक जहाज नुसते उभे, हवामान सांगत. एवढा खर्च कशाला असे कुणालाही वाटेल. पण १४ ऑक्टोबर १९४७ ला बर्म्युडा स्काय क्वीन नावाची उडती बोट आयर्लंडहून न्यूफाउंडलंडकडे जात असताना समोरच्या वाऱ्याने तिचे इंधन संपत आले. किनारा दूर, मागे फिरण्याइतकेही इंधन नाही. पायलट वळला तो चार्ली या ठिकाणी उभ्या असलेल्या बिब या अमेरिकन जहाजाकडे, आणि उंच लाटांमध्ये त्याने विमान पाण्यावर उतरवले. विमानात ६९ माणसे होती, त्यात लहान मुलेही. तराफ्यांनी आणि होड्यांनी बचाव चालला तो दुसऱ्या दिवसापर्यंत. ६९ पैकी ६९ जण वाचले. अर्थात हे शौर्य बिबच्या खलाशांचे, वॉर्नर यांचे नव्हे. पण ते जहाज तिथे उभे होते, कारण काही देशांनी टेबलाशी बसून खर्चाचे आकडे मान्य केले होते.

आणखी एक गोष्ट तुमच्या रोजच्या वापरातली. ईमेल आयडी फोनवर सांगताना आपण अल्फा, ब्राव्हो, चार्ली म्हणतो ना? हे वॉर्नर यांच्या काळातले काम आहे. रेडिओवर बी आणि डी सारखेच ऐकू येतात आणि त्यातून अपघात होऊ शकतो. म्हणून माँट्रिऑलच्या एका भाषाशास्त्राच्या प्राध्यापकाच्या मदतीने शब्द ठरले आणि १ नोव्हेंबर १९५१ पासून लागू झाले. लवकरच तक्रारी आल्या की काही शब्द रेडिओवर नीट कळत नाहीत. तेव्हा सीसाठी कोका होते आणि एनसाठी नेक्टर. मग ३१ देशांच्या लोकांकडून शब्द बोलवून घेऊन चाचण्या झाल्या, पाच अक्षरांचे शब्द बदलले आणि १ मार्च १९५६ पासून आजचा संच सुरू झाला. पुन्हा तेच बघा. आधी लिहा, मग तपासा, चुकले तर लाज न बाळगता बदला. डीसी-४ई च्या यादीचे झाले तेच इथे झाले, फक्त आता विद्यार्थी सगळे जग होते.

वॉर्नर यांना सगळे जमले असे मात्र नाही. तिसरे, चौथे, पाचवे स्वातंत्र्य सर्व देशांच्या एकाच करारात आणण्याचा प्रयत्न १९४७ मध्ये जिनिव्हात पुन्हा झाला आणि पुन्हा फसला. त्याआधीच, फेब्रुवारी १९४६ मध्ये, अमेरिका आणि ब्रिटन यांनी बर्म्युडा बेटावर दोघांपुरता करार करून टाकला होता आणि बाकीचे देश त्याच वाटेने गेले. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचे मलबार प्रिन्सेस मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघाले. त्यात पायलटचे लायसन्स, रेडिओ, हवामान हे सगळ्यांचे सामाईक होते. प्रवासी कुणी कुठे घ्यायचे ते मात्र देशादेशाने वेगळे ठरवायचे, आणि हा मामला आजही बराचसा तसाच आहे. सोव्हिएत संघ तर आयकाओत आला १९७० मध्ये. ते पाहायला वॉर्नर नव्हते.

१९४९ मध्ये त्यांना डॅनियल गुगनहाइम पदक मिळाले. एप्रिल १९५७ मध्ये ते निवृत्त झाले आणि अर्जेंटिनाचे वॉल्टर बिनागी यांनी त्यांची जागा घेतली. निवृत्तीचे सुख त्यांना फार लाभले नाही. जुलै १९५८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या डक्सबरी येथे त्यांचे निधन झाले. वय होते ६३. पुढच्याच वर्षी आयकाओने त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला. पहिला पुरस्कार केएलएमचे संस्थापक अल्बर्ट प्लेसमन यांना मरणोत्तर दिला गेला आणि १९८६ मध्ये तो जेआरडींना मिळाला. कराचीहून जुहूला टपाल आणणारा वैमानिक आणि माँट्रिऑलच्या बैठकांत बसणारा इंजिनिअर, दोघांची गाठ पडली ती अशी, एका पदकावर.

इंजिनिअर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पूल येतो, इंजिन येते, हल्ली फार तर सॉफ्टवेअर येते. वॉर्नर यांनी बांधलेली वस्तू दाखवता येत नाही. पण आज १९३ देश ज्या एका वहीत नियम लिहितात आणि खोडतात, ती वही त्यांनी दहा वर्षे सांभाळली, आणि तीही मत नसताना. सगळ्यांचे एकमत होईपर्यंत ते थांबले नाहीत. ज्यावर होईल तेवढे लिहून घेतले, उरलेल्या मतभेदाची नोंद केली, आणि विमाने उडत राहिली.

असो. जाता जाता मेसची बातमी. पुढच्या मीटिंगला आम्ही वजनकाटा घेऊनच गेलो. खूप घासाघीस होऊन शेवटी वहीत लिहिले गेले, माणशी ४० ग्रॅम तूरडाळ. काकांनी सही केली, आम्हीही केली. आकडा कमी वाटतो अशी कुरकुर आहेच. पण आता कुरकुर कशाबद्दल आहे ते निदान दोन्ही बाजूंना ठाऊक आहे, आणि पुढच्या महिन्यात तो बदलायचा प्रस्ताव आहे.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)